वैशालीला जा, पण शनिवारी रात्री नको

पत्र आलंय परभणीच्या एका मुलीचं. विद्यापीठात एमएच्या पहिल्या वर्षाला आहे, मॉडेल कॉलनीत कॉट बेसिसवर राहते. रूममेट तिघी, त्यातल्या दोघी हिंजवडीला नोकरीला. ती लिहिते, "ताई, दर शनिवारी रात्री सगळ्या मिळून बाहेर जेवायला जातो, बिल चौघींत सारखं वाटतात. मी एक डोसा खाते आणि पैसे त्यांच्या स्टार्टर आणि मॉकटेलचे पण देते. पप्पा एक तारखेला पैसे टाकतात ते वीस तारखेपर्यंत पण पुरत नाहीत. मग मी मेसला खाडा करते आणि बिस्किटांवर काढते. नाही म्हणायची लाज वाटते, गावाकडची आहे म्हणून येत नाही असं वाटेल त्यांना. आणि खरं सांगू का, मलाही वाटतं की पुण्यात राहून वैशाली, गुडलक, बेडेकर असल्या नावाजलेल्या हॉटेलांतलं काहीच नीट खाल्लं नाही तर काय उपयोग. कुठे जाऊ, काय खाऊ, आणि हे परवडवायचं कसं?"

अगं, सगळ्यात आधी ते खाड्याचं. तुझ्या मेसचा नियम तू विचारलायस का नक्की? कारण बहुतेक मेसमध्ये एक-दोन वेळचा खाडा कुणी धरतच नाही, सलग काही दिवस गावी जाणार असशील आणि ते आधी सांगितलं असशील तरच पुढच्या महिन्यात पैसे वजा होतात, आणि तुझं जेवण तर महिन्याचे पैसे आगाऊ भरून आहे असं तूच पत्रात खाली लिहिलंयस. म्हणजे तू तिकडे बिस्किटं खातेस आणि इकडे मेसवाल्या काकूंनी तुझ्या वाटणीच्या पोळ्या लाटून ठेवलेल्याच असतात, पैसे गेले ते गेलेच. वाचलं काय, शून्य. वर ॲसिडिटी. उद्या जाऊन काकूंना सरळ विचार की खाडा किती दिवसांपासून धरता, आधी किती वाजेपर्यंत सांगायचं, आणि रविवारी रात्रीचं काय. पुण्यात रविवारी रात्री मेस बंद हे जवळजवळ ठरलेलंच असतं, दुपारी फिस्ट आणि संध्याकाळी कुलूप, त्यामुळे आठवड्यातलं एक जेवण तुला तसंही बाहेर घ्यावंच लागतं. बाहेर जेवायचा तुझा हक्काचा वार हा रविवार आहे, शनिवार नाही. शनिवारी रात्री तुझं जेवण मेसमध्ये तयार असतं आणि तू ते सोडून दुसरीकडे पैसे भरतेस, म्हणजे एका जेवणाचे डबल.

आता रूममेटचं. मला नाही वाटत त्या वाईट आहेत म्हणून. पगार सुरू झाला ना की माणसाला बिल सारखं वाटणं हेच सोपं वाटतं, कोणी काय खाल्लं हे मोजत बसणं त्यांना चिंधीपणा वाटतो, आणि तू गप्प बसतेस म्हणजे तुला चालतंय असं त्या धरून चालल्यात. तर बोल. पण बिल टेबलावर आल्यावर नको बोलू, तेव्हा कुणीही बोललं तरी कडूच लागतं. गुरुवारी-शुक्रवारी रूमवर चहा पिताना सांग, साध्या आवाजात, की माझं अजून शिक्षण चालू आहे, घरून येतं त्यात भागवते, मी शनिवारी टीटीएमएम करणार. एवढंच. कारणांची मालिका लावू नकोस, आईची तब्येत, यंदाचा पाऊस, सोयाबीनचा भाव, काही नको, तुझं तू माझं मी हे पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांना शिकवावं लागत नाही, हिंजवडीत जाऊन विसरल्या असतील तर आठवण होईल. आणि हॉटेलात शनिवारच्या गर्दीत वेटर काही चौघींची चार बिलं करून देत नाही, म्हणून ऑर्डर देतानाच आपलं किती झालं ते बघून ठेवायचं आणि बिल आलं की लगेच तेवढे पाठवून मोकळं व्हायचं.

दुसरा उपाय म्हणजे मेसमध्ये जेवूनच त्यांच्याबरोबर निघ. हो, खरंच. जेवून जा आणि तिथे फक्त कॉफी घे. पहिल्यांदा जरा ऑकवर्ड वाटेल, दुसऱ्या शनिवारी कुणाच्या लक्षातही राहणार नाही. गप्पा मारायला जातेस ना तू, मग गप्पा मार.

आणि "गावाकडची आहे म्हणून" हे जे तू लिहिलंयस ते डोक्यातून काढून टाक बाई. एफसी रोडवर, म्हणजे फर्ग्युसन कॉलेज रोडवर, संध्याकाळी जी गर्दी दिसते ना, त्यातली निम्मी नांदेड, लातूर, सोलापूर, जळगावचीच असेल, आणि ज्या वैशालीचा एवढा रुबाब, ती उभी करणारे जगन्नाथ शेट्टी पण लहान वयात कर्नाटकातून घर सोडून आलेले. २०२३ साली गेले ते, नव्वदी ओलांडून. त्यांचंच दुसरं हॉटेल, आजची रूपाली, आधी कॅफे मद्रास होती आणि वैशाली होती मद्रास हेल्थ होम. म्हणजे पुण्याची म्हणून जी काही खाण्याची शान सांगतात ती पण बाहेरून आलेल्यांनीच घडवलीय. तू कुठे लाजतेस.

बरं, आता खाण्याकडे येते, त्याच्यावर मला जास्त बोलायचंय.

माझं म्हणणं असं आहे की पुण्यातल्या प्रत्येक नावाजलेल्या ठिकाणाची एक वेळ असते आणि एक पदार्थ असतो. त्या वेळेला जाऊन तो पदार्थ खाल्ला की काम झालं, पैसे पण कमी लागतात आणि चव पण कळते. लोक काय करतात, चुकीच्या वेळेला आठ जण जातात, अर्धा तास बाहेर उभे राहतात, मग भूक एवढी लागलेली असते की मेनू कार्डावरचं दिसेल ते मागवतात, आणि बाहेर येऊन म्हणतात उगीच हाइप आहे.

वैशाली घे. शनिवारी रात्री तिथे तुझ्या खुर्चीच्या मागे पुढचं कुटुंब येऊन उभं असतं आणि तू शेवटचा घास कधी गिळतेस ते बघत असतं, त्यात काय खाणार तू सुखाने. तिथे जायचं वीकडेला सकाळी, लेक्चरच्या आधी, उघडल्या उघडल्या. त्या वेळेला टेकडीवरून फिरून आलेले आजोबा असतात पेपर घेऊन, टेबल लगेच मिळतं, इडली किंवा मसाला डोसा आणि फिल्टर कॉफी, संपलं. एसपीडीपी खायची असेल, म्हणजे ती शेव पोटॅटो दही पुरी, तर ती दुपारी चार-पाचला, दोघींत एक. ती भूक भागवायची वस्तू नाही, चाट आहे, भूक लागलेली असताना एसपीडीपी मागवली की मग दुसरं पण मागवावंच लागतं आणि तिथेच बिल फुगतं. मॉडेल कॉलनीतून तर तू चालत जाशील, रिक्षाचा पण खर्च नाही. वैशालीला लाइन दिसली तर रूपालीत बस, माझ्या जिभेला फार फरक लागत नाही, वैशालीवाले भक्त मला बोलतील पण बोलू देत.

गुडलकचं वेगळं. कॅफे गुडलक १९३५ सालचं आणि तुझं विद्यापीठ १९४९ चं, म्हणजे तुझ्या युनिव्हर्सिटीपेक्षा चौदा वर्षांनी मोठं आहे ते इराणी हॉटेल, फर्ग्युसनची पोरं तिथे कधीपासून बसतायत विचार कर. तिथे जेवायला म्हणून सुरुवातीला जाऊ नकोस, बन मस्का आणि चहा घे. बन मऊ, मधून कापलेला, आत लोण्याचा जाड थर, तो तुकडा चहात बुडवला की लोणी वितळून चहावर तेलासारखी चकाकी येते आणि बनचा खालचा भाग लगेच लगदा व्हायला लागतो, म्हणून फार वेळ बुडवायचा नाही, बुडवला की लगेच तोंडात. अंडं खात असशील तर ऑम्लेट, मटण खात असशील तर खिमा पाव, पण ते पैसे आल्यावर, पहिल्या आठवड्यात. तू नॉनव्हेज खातेस की नाही ते लिहिलं नाहीयेस म्हणून दोन्ही सांगतेय.

मिसळीबद्दल नीट ऐक कारण तू परभणीची आहेस. सगळे तुला बेडेकरांकडे पाठवतील, नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात, आणि तू तिखट खाऊन मोठी झालेली, पहिल्या घासाला तुला वाटेल की रश्शात साखर पडली का काय. ती तशीच असते. गोडसर, पोहे-बटाटा-शेव सगळं असलेली, आणि बरोबर पाव नाही तर ब्रेडच्या स्लाइस. पुणेकरांना ती तशीच लागते, त्यावर वाद घालू नकोस, निम्मं पुणं तुझ्या विरोधात जाईल. मला स्वतःला आवडते, पण मला वाटतं ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला आवडायला लागते, पहिल्या वेळेला माणूस तुलनाच करत बसतो. तुझ्या जिभेला ताबडतोब पटेल ती काटाकिर्र, एरंडवण्याची, कोल्हापुरी वळणाची, लालभडक तर्रीवाली, नाक गळेल. तिथे पण रविवारी सकाळी जायचं नाही, लाइन रस्त्यावर येते. आणि मिसळ ही सकाळची गोष्ट आहे, दुपार टळल्यावर मिसळीच्या नादाला लागू नये, चांगल्या ठिकाणची संपलेली असते आणि जिथे शिल्लक असते तिथे ती का शिल्लक आहे हे खाल्ल्यावर कळतं. मिसळ खाल्ली की दुपारी मेसमध्ये तू अर्धंच जेवशील, तेव्हा मिसळीचा वार असा धर की ज्या दिवशी मेसमध्ये तुझी नावडती भाजी आहे. मेसचं आठवड्याचं भाजीचं वेळापत्रक दोन महिन्यांत पाठ होतं सगळ्यांना, तुझं झालंच असेल.

विद्यापीठात असताना बाहेर खर्च करायचं तर काही कारणच नाही. अनिकेत कॅन्टीन आहे, रिफेक्टरी आहे, जेवण मेससारखंच साधं पण बाहेरच्या हॉटेलपेक्षा स्वस्त, आणि झाडाखाली बसून खायला तेवढी मोठी जागा पुण्यात दुसरीकडे कुठे मिळणार तुला. तिथे चहा-पोह्यांवर जेवढ्या ओळखी होतात ना तेवढ्या हॉटेलात होत नाहीत, आणि तुझं सगळं पत्र वाचून मला वाटलं की तुझं फिरणं रूममेटबरोबरच आहे, डिपार्टमेंटमधल्या कुणाचं नावच नाही पत्रात. लेक्चर झालं की लगेच बस पकडून रूमवर येतेस का? नको येऊस. जयकर लायब्ररीत बस, मधेच चहाला बाहेर ये, कुणीतरी भेटतंच, आणि ते कुणीतरी पण तुझ्यासारखंच वीस तारखेला कडकी असलेलं असतं. अशांबरोबर खाताना बिलाचं टेन्शन येत नाही, कारण सगळ्यांचंच सारखं असतं. आणि हो, कमवा आणि शिका योजनेची चौकशी कर विद्यार्थी विकास विभागात. काही तासांचं काम असतं, तासावर पैसे मिळतात, फार नाहीत, पण महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांचा चहा-नाश्ता तुझ्या पैशाने होईल.

चहावरून आठवलं, अमृततुल्य. पेठेत जाशील तेव्हा एखाद्या जुन्या अमृततुल्यात उभी राहून बघ कसा करतात. पितळेचं भांडं शेगडीवर, दूध-पाणी-साखर-पावडर सगळं एकत्र उकळतंय, माणूस छोट्या खलबत्त्यात आलं-वेलची ठेचतो, टाकतो, पळीने वर उचलून परत ओततो, आणि मग फडक्यातून गाळून किटलीत. आता ज्या ब्रँडेड चहाच्या साखळ्या निघाल्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, चहा तो चहा, पण जुन्या दुकानातल्या लाकडी बाकावर बसून जो मिळतो तो वेगळाच लागतो मला. गोड फार असतो एवढं मात्र आहे, कमी साखर सांगून उपयोग नसतो, सगळा एकाच भांड्यात उकळलेला असतो.

आता तुझी रविवारची रात्र. टिळक रोडला एसपी कॉलेजच्या जवळ बादशाही आहे, पेरूगेटला पूना बोर्डिंग आहे, ताट मिळतं, घरच्यासारखं, पोळी-भाजी-आमटी-भात-कोशिंबीर. पण यांच्या वेळा पक्क्या असतात, सुट्टीचा वार पण असतो, आपल्याला भूक कधी लागते याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, त्यामुळे आधी फोन करून रविवारी रात्री चालू आहे का विचार आणि मगच निघ, नाहीतर पाटी वाचून परत यावं लागेल. पुण्यात पाटी ही फुकट मिळते. बंद असेल तर रविवारी रात्री साधा वडापाव किंवा साबुदाणा खिचडी खाऊन झोपायला पण काही हरकत नाही, गरवारे कॉलेजसमोर बिपिन स्नॅक्स आहे, खिचडी बरी असते. दुपारची फिस्ट एवढी जड असते की रात्री तसंही फार जात नाही. थाळीचं मोठं जेवण, दुर्वांकुर वगैरे, अनलिमिटेड, ते मात्र पप्पा येतील तेव्हासाठी ठेव, तुझ्या पैशाने नको, त्यांना पण बरं वाटतं मुलीला जेवायला घालायला, आणि अनलिमिटेड थाळीला न्याय द्यायला आपल्याकडचे वडीलच लागतात.

कॅम्पातलं एक दिवस ठेव फक्त. सकाळी जा, कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं घे घरच्यांसाठी. दुपारी बेकरी बंद असते आणि रविवारी पण, हे लक्षात ठेव कारण बाहेरगावचे लोक बरोब्बर त्याच वेळेला पोचतात. मग गार्डनचा वडापाव खा उभ्या उभ्या. नॉनव्हेज असशील तर दोराबजी अँड सन्स आहे, १८७८ सालचं, तिथली बिर्याणी स्कॉलरशिप जमा झाल्याच्या दिवसासाठी. उन्हाळ्यात सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेला घट्ट मिल्कशेक, आंब्याची, दोघींत एक ग्लास पुरतो, एकटीने संपवायला गेलीस तर रात्रीचं जेवण गेलं म्हणून समज.

कोथरूडच्या दुर्गाची कोल्ड कॉफी, एमआयटीजवळची, तिच्याबद्दल पण तुला कुणी ना कुणी सांगेलच. चांगली आहे, पण तिकडे काही काम निघालं तर पी, मुद्दाम मॉडेल कॉलनीतून फक्त कॉफीला जाण्यात अर्थ नाही. जेएम रोडवर संध्याकाळी जे फिरणं असतं त्यात खाण्यापेक्षा बघण्याचं जास्त आहे, ते फुकट आहे, ते कर.

महिन्याचा हिशोब असा लाव की रविवारच्या रात्री बाजूला काढल्या की राहिलेल्या पैशात दोन वेळा सकाळचं बाहेरचं खाणं बसतं, एक वैशाली-गुडलकपैकी, एक मिसळ. एवढंच. वर्षभरात सगळं होतं बघ, एका महिन्यात सगळं उरकायची काही शर्यत लागलेली नाही. आणि हे सगळे पैसे एक तारखेलाच वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात काढून ठेव, यूपीआयवर सगळं एकत्र असलं की कळतच नाही कुठे गेले, दहा-वीस करत.

रूममेटना एक ऑफर तू पण दे ना. दर वेळी ठिकाण त्याच ठरवतात म्हणून खर्च त्यांच्या मापाचा होतो. एखाद्या शनिवारी तू म्हण, चला उद्या सकाळी लवकर उठून टेकडीवर जाऊ आणि येताना नाश्ता करू. हिंजवडीवाल्या आठवडाभर बसमध्ये झोपा काढतात त्यामुळे रविवारी सकाळी उठतील याची गॅरंटी नाही, पण एक जरी उठली तरी चालेल, दोघींनी जा. टीटीएमएम म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलंच तर मला परत लिही, मग बघू काय करायचं, पण मला वाटतं त्यातली एखादी तरी म्हणेल की बरं झालं तू बोललीस, मला पण जड जात होतं. चौथी आहे ना तुमच्यात, नोकरी नसलेली, तिच्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तिला विचारलंयस का कधी तिचं वीस तारखेला काय होतं ते? आधी तिच्याशीच बोल, दोघी मिळून सांगितलंत तर गुरुवारचा तो चहा आणखी सोपा जाईल.